दारू सुटली, पण पहाट काही सुटेना

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी लातूर जिल्ह्यात मोंढ्यात एका आडतीवर मुनीम आहे. वय 44. पंधरा-सोळा वर्षं दुकान बंद केलं की रोज पीत होतो. पोळ्याच्या करीला शेवटची घेतली. त्यानंतर दवाखान्यात ॲडमिट होतो आणि आता दिवाळी तोंडावर आली तरी थेंबाला शिवलो नाही. घरचे खूश आहेत. पण माझं काय व्हायलंय ते कुणाला सांगता येईना. रोज पहाटे चारला डोळे उघडतात. उघडले की छाती धडधडायली, हाताला घाम, पोटात गोळा. आज काहीतरी वाईट होणार असं वाटत राहतं, देणेकऱ्यांची तोंडं दिसतात. उठून कोरा चहा घेतो, तंबाखू मळतो, परत चहा. नऊपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो, दुकानात गेल्यावर हळूहळू कमी होतं. ईसीजी काढला, नॉर्मल आला. ओळखीच्या मेडिकलवाल्यानं झोपेची गोळी दिली, ती आठवड्यातून दोन-तीनदा घ्यायलो. पीत होतो तेव्हा असं कधी झालं नाही. सोबतचे म्हणतात, एकदम सोडलीस म्हणून व्हायलंय, थोडी थोडी घेत जा. नळाला पाणी येतं त्या दिवशी मात्र तेवढं जाणवत नाही, का ते कळंना. सोडून चूक केली का? ताकदीचं सलाईन लावून घेऊ का?

उत्तर : मुनीमजी, आधी तुमच्या सोबत्यांचं बोलणं घेते. ते खोटं सांगत नाहीत, हीच तर पंचाईत आहे. उद्या पहाटे तुम्ही नाईंटी मारलीत तर पाव-अर्ध्या तासात छाती शांत होईल. आणि परवा पहाटे तीच धडधड दाराशी हजर. मग परवाही थोडी, तेरवा जरा जास्त. माझ्याकडे येणारे कितीतरी जण सकाळी प्यायला लागले ते मजा म्हणून नाही, ही पहाट सोसवत नाही म्हणून.

तुम्ही चूक केलेली नाही. मेंदूत शांत करणारं एक रसायन असतं, त्याला गाबा म्हणतात, आणि जागं ठेवणारं एक असतं, ग्लुटामेट. दारू पहिल्याला जोर देते आणि दुसऱ्याला दाबते, म्हणून दोन पेग झाले की खांदे सैल पडतात. हे वर्षानुवर्षं रोज व्हायला लागलं की मेंदू तोल सांभाळायला उलट्या बाजूनं जोर लावायला शिकतो. रस्सीखेचीत समोरच्यानं एकदम दोर सोडला तर आपण मागच्या मागे कोलमडतो, तसं दारू थांबल्यावर होतं. पहिल्या आठवड्यात हे कोलमडणं जोरात असतं. तो आठवडा तुम्ही दवाखान्यात काढलात, फार बरं केलंत. पुढची उतरण लांब असते, कुणाला काही आठवडे, कुणाला काही महिने. त्यात झोप बहुतेक सगळ्यात शेवटी ठिकाणावर येते.

पहाटेच का, हे विचारलं नाहीत पण सांगते. कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सगळ्यांच्याच अंगात पहाटे वाढायला लागतं आणि जाग आल्यावर साधारण अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यात वर जातं. माणसाला उठवून कामाला लावणं हेच त्याचं काम. इतरांना त्याचा पत्ताही लागत नाही. तुमचा मेंदू सध्या हळवा आहे, त्याला तो धक्का वाटतो. आणि ‘पीत होतो तेव्हा असं कधी झालं नाही’ हे मी मानायला तयार नाही. एकदा वहिनींना विचारून बघा. दारूनं रात्रीची पहिली झोप गाढ लागते आणि मध्यरात्रीनंतरची मोडते. त्या पहाटेच्या तळमळीला तेव्हा ‘उतरली नाही अजून’ असं नाव होतं, एवढाच फरक.

आता नळाचं. हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण माझ्या लेखी सगळं पत्र तिथं आहे. पाणी येतं त्या दिवशी तुम्ही काय करता? डोळे उघडले की पडून छातीचे ठोके मोजत नाही. मोटर लावता, पाईप ओढता, टाकी, पिंप, हंडे, घागरी, जे सापडेल ते भरता. वहिनींना हाका मारता. मोटर कुणाची जास्त ओढते यावरून शेजाऱ्याशी दोन शब्द होतात. ठोके त्या दिवशीही वाढलेलेच असतात, पण ते कामात खपून जातात. बाकीच्या दिवशी शरीर पळायला सज्ज होतं आणि तुम्ही अंथरुणात. मग मन त्या धडधडीचं कारण शोधायला निघतं, आणि पहाटे चारला देणेकऱ्यांशिवाय दुसरं काय सापडणार? भीती वाटते म्हणून छाती धडधडते असं तुम्हाला वाटतं. पुष्कळदा छाती आधी धडधडते, भीती तिच्या मागून येते.

तेव्हा पाणी नसलेल्या दिवशीही पाणी आल्यासारखं उठा. जाग आली की पाय फरशीवर टेकवा. शहाबादी असेल तर उत्तमच, तिचा गारवा तळव्यांना चांगला लागतो. बसल्या जागी नाकानं श्वास घ्या आणि घेतला त्यापेक्षा सावकाश सोडा. चार अंक मोजेपर्यंत आत, सहा-सात मोजेपर्यंत बाहेर, असं पाचेक मिनिटं. लांब उच्छ्वासानं हृदयाचे ठोके थोडे खाली येतात; त्यामागे मज्जातंतूंची यंत्रणा आहे, श्रद्धेचा भाग नाही. मग उठून हाताला काम लावा. अंगण झाडा, गुरं असतील तर वैरण टाका, कपडे भिजवा. वहिनी हसतील, हसू द्या. उजाडलं की मोकळ्या रस्त्यानं अर्धा तास चालून या. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ जागेवर यायला मदत होते. रात्री नऊलाच आडवं होऊन चारला जाग आली अशी तक्रार मात्र करू नका. सात तास झालेच की.

कोऱ्या चहाचं आणि तंबाखूचं बोलायलाच हवं. रात्रभर उपाशी पोट, वर कॉर्टिसॉल, त्यावर दोन कप कोरा चहा आणि तंबाखूचा बार! धडधड आधीच होती, तिला तुम्ही वारा घालताय. चहातलं कॅफीन आणि तंबाखूतलं निकोटीन दोन्ही ठोके वाढवतात. तंबाखूनं बरं वाटतं म्हणाल, तर ते रात्रभर तंबाखू न मिळाल्यानं आलेली अस्वस्थता तेवढी फिटते म्हणून. ती लावलीही तंबाखूनंच. एका दमात सगळंच सोडा असं मी म्हणत नाही, जमलं तर उत्तमच. निदान क्रम बदला : आधी खाणं, मग एक कप दुधाचा चहा, आणि तंबाखू शक्य तेवढी पुढे ढकला. रात्रीची भाकरी दुधात कुस्करून खा, धपाटं-दही खा, घरी कुणी लवकर उठत असेल तर मुरमुरे भिजवून सुशीला करायला कितीसा वेळ लागतो? पोट उपाशी असलं तरी हात थरथरतात आणि घाबरलं तरी थरथरतात; कुठली थरथर कशाची हे तुम्हाला पहाटे उमगणार नाही. मोंढ्यात सोयाबीनचा सीझन आहे, दिवसभर कटिंग चालू असणार हे मला ठाऊक आहे. दुपारी तीननंतर हात आखडता घ्या. प्यालेल्या चहातलं निम्मं कॅफीन पाचेक तासांनीही अंगात असतं.

मेडिकलवाल्याची गोळी कुठली ते लिहिलं नाहीत. आपल्याकडे अशी हातोहात मिळते ती बहुतेक अल्प्राझोलाम किंवा तिच्या भावंडांपैकी असते. ही गोळी मेंदूत जवळपास दारूच्याच जागी काम करते, म्हणून लगेच आराम पडतो आणि म्हणूनच तिचीही सवय लागते. दारू सोडलेल्या माणसाला ती चिठ्ठीशिवाय देणं म्हणजे एका खुंट्यावरून सोडून दुसऱ्याला बांधणं. रिकामं पाकीट घेऊन डॉक्टरांना दाखवा. रोज घ्यायला लागला असाल तर मनानं एकदम बंदही करू नका, ती हळूहळू उतरवावी लागते. चिंतेवर सवय न लावणारी औषधं आहेत, दारूची ओढ कमी करणारी नालट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेटसारखीही आहेत. तुम्हाला कुठलं चालेल ते लिव्हरचा रिपोर्ट बघून ठरतं. थायरॉईड, साखर आणि हिमोग्लोबिनही एकदा तपासा, यांच्यामुळेही छाती धडधडते. सलाईननं ताकद येत नाही, मीठ-पाणी येतं. बी-1 जीवनसत्त्वाची, म्हणजे थायमिनची, गोळी डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर ती चुकवू नका.

देणेकरी मात्र खरे आहेत, ते श्वासानं जाणार नाहीत. दुकानाचा हिशोब तुम्ही पैशापैशाचा लिहिता आणि घरचा डोक्यात ठेवता, हे कसं? संध्याकाळी सातला, पूर्वी बसायची वेळ होती तेव्हा, वही घेऊन बसा. कुणाचे किती, कुणाला दिवाळीआधी भेटायचं, कुणाला सोयाबीनचे पैसे आल्यावर. वहिनींना शेजारी बसवा. त्यांना आकडे माहीत नसतील असं समजू नका. पहाटे तोंडं दिसायला लागली की स्वतःला सांगा, वहीत आहे, सातला बघू. आणि पहाटे चार ते सहा या वेळात कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, दुकान सोडायचा नाही की ‘थोडी घेऊ’ हाही नाही.

ही धडधड आठवड्यागणिक थोडी तरी उतरली पाहिजे. आजची पहाट कालच्याशी ताडू नका, पोळ्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्याशी ताडा. दिवाळी होऊन दोन-तीन आठवडे झाले तरी तशीच राहिली, किंवा दिवसभर कशातच मन लागेना, भूक गेली, तर तो निव्वळ दारू सोडल्याचा परिणाम नसून नैराश्य किंवा चिंतेचा आजार असू शकतो. पहाटे लवकर जाग येणं आणि सकाळीच सगळ्यात उदास वाटणं हे नैराश्याचं ओळखीचं लक्षण आहे. त्याला उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. जगणं नको वाटलं तर मात्र एक दिवसही थांबू नका : 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर 2022 पासून चालू आहे, फुकट आहे, रात्री-पहाटेही लागतो आणि मराठीत बोलता येतं. धडधडीसोबत छातीत दाब आला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, तर जुना ईसीजी नॉर्मल होता म्हणून घरी बसू नका. आणि ज्या माणसाला पहाटे पाचला फोन करता येईल असा, दारू सोडलेला एक तरी माणूस ओळखीचा असू द्या. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या बैठकांत तसे भेटतात. मोंढ्यातल्या सोबत्यांत सध्या तरी भेटणार नाहीत.

प्रश्न : मॅडम, आमचे मालक सकाळी उठले की हात थरथर कापतात, कपबशी धरता येत नाही. नवटाक पोटात गेली की थांबतंय. भाजीत कालवायची पुडी मिळते, त्यानं आपोआप सुटते म्हणतात. त्यांना न सांगता देऊ का? (परभणी जिल्हा)

उत्तर : ताई, देऊ नका. अशा पुडीत काय असतं ते देणाऱ्यालाही माहीत नसतं. पुष्कळदा डायसल्फिराम असतं. ते अंगात असताना माणूस प्यायला की तोंड लाल होतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. बंद केल्यावरही त्याचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. हे खरं औषध आहे, पण घेणाऱ्याला माहीत असलं तरच. तुमचे मालक तर सकाळीच घेतात, म्हणजे पुडीवर नवटाक पडणारच.

दुसरं जास्त महत्त्वाचं. सकाळची ही थरथर मुनीमजींच्या धडधडीसारखी नाही. शरीर दारूवरच चालतंय, ती दोन-चार तास उशिरा मिळाली तरी त्याला चालत नाही, असा तिचा अर्थ. अशा माणसाची दारू घरात कोंडून एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास भ्रम होऊन माणूस बरळायला, भिंतीवर काहीबाही बघायला लागतो. हा दवाखान्यात सांभाळायचा प्रकार आहे. ‘सोडा’ म्हणण्याऐवजी ‘हात का कापतात ते दाखवून येऊ’ एवढंच म्हणा. कापणाऱ्या हाताची त्यांनाही लाज वाटत असेल. 14446 या व्यसनमुक्ती हेल्पलाईनवर जवळचं केंद्र विचारता येईल. जाताना रोज किती आणि कधी घेतात, शेवटची कधी घेतली, पूर्वी कधी फिट आली होती का आणि कुठली औषधं चालू आहेत, एवढं कागदावर लिहून न्या. पुडी आणून ठेवली असेल तर तीही सोबत न्या.