वाचकांचे प्रश्न : पुरवठादाराचे हमीपत्र पुरेसे आहे का?

प्रश्न : आमच्या नगरपालिकेच्या सभेने नैतिक खरेदीचे धोरण नुकतेच मंजूर केले आहे. बालमजुरी, वेठबिगारी किंवा किमान वेतनाहून कमी मोबदला यांतून तयार झालेला माल घ्यायचा नाही, असा ठराव झाला असून त्यासाठी प्रत्येक निविदाकाराकडून हमीपत्र घेतले जाणार आहे. मी खरेदी विभागात काम करते. हमीपत्राने हेतू साध्य होईल का? आणि सर्वांत कमी दराला काम देण्याची रीत पक्की असताना अशा अटी टिकतील का?

उत्तर : हमीपत्र अवश्य घ्यावे, पण त्यावर विसंबू नये. सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीतील अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला लागलेल्या आगीत २५० हून अधिक कामगारांचा बळी गेला, आणि याच कारखान्याला जेमतेम काही आठवडे आधी कामगारहिताच्या ‘एसए ८०००’ या आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र मिळाले होते. त्रयस्थाने तपासून दिलेल्या कागदाची ही गत असेल, तर पुरवठादाराने स्वतःच सही करून दिलेल्या कागदाचे मोल किती धरायचे, हे आपणच ठरवावे.

म्हणून अट कंत्राटातच लिहिलेली असावी आणि ती मोडल्यास काय होईल, हेही तेथेच नमूद असावे. याचा चांगला नमुना जुना आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९४९ साली सार्वजनिक कंत्राटांसाठी केलेल्या ९४ क्रमांकाच्या करारानुसार, कंत्राटावरील कामगारांचे वेतन त्या भागात त्याच प्रकारच्या कामाला प्रस्थापित असलेल्या वेतनाहून कमी असता कामा नये. ही अट उपकंत्राटदारालाही लागू होते, आणि तिची माहिती कामगारांना व्हावी म्हणून कामाच्या जागी ठळकपणे सूचना लावावी लागते. अटीचा भंग झाल्यास पुढची कंत्राटे नाकारण्याची आणि कामगारांना त्यांचे थकलेले वेतन मिळावे यासाठी कंत्राटदाराचे देयक रोखून धरण्याची तरतूदही त्यात आहे. हा करार सर्व देशांनी स्वीकारलेला नाही, परंतु त्यातील कलमे आपल्या निविदेच्या मसुद्यासाठी उत्तम आधार ठरतात. मला त्यातील देयकाची तरतूद सर्वांत मोलाची वाटते, कारण पुरवठादाराला दंडाची नोटीस पचवता येते, अडकलेले पैसे मात्र पचवता येत नाहीत.

अटी टिकण्याच्या दृष्टीने त्यांची शब्दरचना महत्त्वाची आहे. नेदरलँड्समधील नॉर्थ हॉलंड प्रांताने कॉफीयंत्रांच्या निविदेत न्याय्य व्यापाराच्या आणि सेंद्रिय उत्पादनाच्या विशिष्ट चिन्हांची नावे घातली, तेव्हा प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले. मे २०१२ च्या निकालात ही पद्धत चुकीची ठरली, पण सामाजिक निकष लावण्याला न्यायालयाने मनाई केली नाही. यातून घेण्यासारखे हे, की चिन्हाचे नाव घालून थांबू नये. त्यामागचे निकष स्पष्ट लिहावेत, ते खरेदीच्या विषयाशी निगडित ठेवावेत आणि समकक्ष पुरावा स्वीकारावा. आपल्याकडील खरेदी नियमांशी हे ताडून पाहणे अर्थातच आवश्यक आहे.

कमी दराचा प्रश्न सफाई, सुरक्षा यांसारख्या मनुष्यबळावर चालणाऱ्या कामांत वाटतो तितका अवघड नाही. किती माणसे, किती दिवस, कायद्याने देय वेतन किती आणि त्यावरील सामाजिक सुरक्षेचे हप्ते किती, हा हिशेब निविदा उघडण्यापूर्वीच विभागाने मांडून ठेवावा. एखादा दर या रकमेहूनही खाली असेल, तर तो कोणाच्या तरी मजुरीतून कापला जाणार हे उघड आहे. तेव्हा लेखी खुलासा मागवून, तो न पटल्यास निविदा नाकारावी. युरोपीय संघाच्या २०१४ च्या खरेदी निर्देशानुसार, दर कामगार कायदे मोडल्यामुळे असाधारण कमी असल्याचे आढळल्यास निविदा नाकारणे बंधनकारकच आहे.

गणवेश, दगडी फरशा, संगणक अशा वस्तूंची साखळी लांब असते आणि ती सारी तपासणे एका नगरपालिकेच्या आवाक्याबाहेरचे आहे. अशा वेळी धोका जास्त असलेल्या दोन-तीन वस्तू निवडाव्यात, माल नेमका कोठे तयार झाला याची यादी मागावी आणि जमल्यास शेजारच्या नगरपालिकांबरोबर एकत्र तपासणी करावी. तपासणीत दोष सापडला म्हणून लगेच कंत्राट मोडू नये. आधी मुदत देऊन सुधारणा करवून घ्यावी, नाहीतर कारखान्यातून काढलेले मूल शाळेऐवजी त्याहून धोक्याच्या कामावर जाते आणि आपल्या दप्तरात मात्र प्रकरण मिटल्याची नोंद होते.

आपल्या ठरावात न दिसलेली एक गोष्ट आवर्जून सांगतो. वर्षअखेरीस घाईने दिलेली मागणी आणि महिनोन्महिने थकवलेली देयके यांचा भार शेवटी कामगारावरच पडतो, जादा तासांच्या आणि लांबलेल्या पगाराच्या रूपाने. त्यामुळे पुरवठादारांसाठी मानके लिहिताना त्याच कागदावर नगरपालिकेनेही देयकाची मुदत स्वतःवर बंधनकारक करून घ्यावी.