टॅक्सच्या पावतीवरचा 'मालक'

प्रश्न : साखर पेठेत वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं घर आहे. 2014 साली ते वारले. मृत्युपत्र नाही. मागे आई, भाऊ आणि मी. टॅक्स पावतीवर 'मालक' म्हणून एकट्या भावाचं नाव आहे, खालच्या भाडेकरूचं भाडंही तोच घेतो. आता तो घर विकायला निघालाय. नाव लावताना मी शंभराच्या स्टॅम्पवर सही केली होती. माझा हक्क गेला का?

उत्तर : नाही ताई, गेलेला नाही.

'मालक' हा शब्द आपल्या सोलापुरात फार सैल वापरतात. कामगार कारखानदाराला मालक म्हणतो, रिक्षावाला गिऱ्हाइकालाही म्हणतो. कायद्यात मात्र मालकी यावी लागते ती वारशाने, मृत्युपत्राने किंवा नोंदणीकृत दस्ताने. महापालिका पावतीवर नाव लावते ते कर कुणाकडून घ्यायचा यासाठी. नगर भूमापनच्या उताऱ्यावर तर शब्दच 'धारक' असा आहे. अशा नोंदींनी मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय. भाड्याचंही तसंच. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात दुसऱ्याच्या वतीने भाडं घेणाराही 'घरमालक' ठरतो. त्यामुळे भाऊ भाडेकरूचा घरमालक असेल, पण अख्ख्या घराचा मालक नाही.

तुम्ही पाठवलेला स्टॅम्प मी दोनदा वाचला. त्यात 'कर भरण्याच्या सोयीसाठी नाव लावण्यास हरकत नाही' एवढंच आहे. 'हक्क सोडला' असं कुठेही नाही. असतं तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय हक्कसोडपत्राला अर्थ नाही.

हिंदू वारसा कायद्याने आई, भाऊ आणि तुम्ही, प्रत्येकी एक तृतीयांश. पूर्वी, भाऊ वाटणीला तयार होईपर्यंत मुलीला राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. 2005 च्या दुरुस्तीने ते कलमच काढून टाकलं. ज्या बहिणींनी ती वाट पाहण्यात आयुष्य घालवलं, त्यांना मी पाहिलंय. तुम्ही थांबू नका.

भाऊ स्वतःच्या हिश्शापलीकडे काही विकू शकत नाही. तरी गिऱ्हाइकाने इसार देण्याआधी स्थानिक वर्तमानपत्रात वकिलामार्फत जाहीर नोटीस द्या. नगर भूमापन कार्यालयात वारसनोंदीसाठी अर्ज करून पोच घ्या. भाऊ ऐकत नसेल तर दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा आणि सोबत विक्रीला मनाई मागणारा अर्ज दाखल करा. दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. आणि आईकडून कोणत्याही कागदावर सही घेतली जात असेल, तर तो आधी मला दाखवा.