1/35 प्रमाणातल्या (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या) मॉडेल टँकशेजारी 54 मिमी उंचीचा मॉडेल सैनिक चालेल का?

अगदी शेजारी उभा करणार असाल तर नको, खटकेल. 1/35 मध्ये पावणेसहा फुटी (175 सेमी) माणूस 50 मिमी भरतो. 54 मिमी म्हणजे साधारण 1/32. नुसत्या उंचीचं निभावून जातं, माणसं काय, उंच-बुटकी असतातच. चुगली करते ती रायफल. जर्मन कार98के सुमारे 111 सेमी लांब, म्हणजे 1/35 मध्ये जेमतेम 32 मिमी आणि 1/32 मध्ये 35. दोन सैनिक एकत्र ठेवले की फरक लगेच दिसतो. मात्र काही उत्पादक उंची डोक्यापर्यंत न मोजता डोळ्यांपर्यंत मोजतात, त्यामुळे खोक्यावरच्या आकड्यापेक्षा आपली पट्टी बरी. डायोरामात (मॉडेलं मांडून केलेल्या देखाव्यात) टँकपासून दूर, अगदी पुढच्या कडेला एकटाच ठेवलात तर खपून जाईल.