कुशीत घेण्याआधी

प्रिय मुली,

चिंपांझींच्या आश्रयस्थानात काम करायचं तू पक्कं केलंस, वाचून फार बरं वाटलं. पण पत्रासोबतच्या अर्जातलं एक वाक्य मनातून जाईना : ‘त्या पोरक्या पिल्लांना मला कुशीत घ्यायचंय.’

पिल्लू तुझ्या कुशीपर्यंत कसं पोचतं, ते आधी समजून घे. चिंपांझीची आई जिवंतपणी पिल्लू देत नाही. शिकारी तिला मारतात, मांस विकतात आणि तिच्या अंगाला बिलगलेलं पोर पाळायला म्हणून बाजारात येतं. बाला अमरसेकरन यांनी १९८८ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये असंच एक मरणाला टेकलेलं पिल्लू पैसे देऊन सोडवलं. तो ब्रूनो. त्यातूनच पुढे १९९५ मध्ये तिथलं ताकुगामा हे आश्रयस्थान उभं राहिलं. आज मात्र चांगली आश्रयस्थानं पिल्लू विकत घेत नाहीत, कारण दिलेला पैसा पुढच्या शिकारीला बळ देतो. मुख्यतः सरकारने जप्त केलेली पिल्लं ती स्वीकारतात. समोर पिल्लू तडफडत असताना हा नियम पाळणं जिवावर येतं, तरी तो योग्यच आहे असं मला वाटतं.

आल्यावर पिल्लाला काही आठवडे इतर चिंपांझींपासून वेगळं ठेवतात. आपल्याला झालेली साधी सर्दी त्याच्या जिवावर बेतू शकते, म्हणून तोंडाला मास्क हवाच. या काळात त्याला दुधाइतकीच अंगाची ऊब लागते. जंगलात ते चार-पाच वर्षं आईचं दूध पितं, रात्री तिच्याजवळच झोपतं. तेव्हा कुशीत घेशील, घ्यावंच लागेल. लळाही लागेल. पण पहिल्या दिवसापासून तयारी करायची ती त्याला स्वजातीच्या हवाली करण्याची. आधी जाळीआडून ओळख, मग एखादी शांत मादी, मग हळूहळू कळप. एक दिवस घाबरल्यावर ते तुझ्याकडे न येता त्या मादीकडे धावेल. त्या दिवशी तुला रडू येईल, आणि तुझं काम नीट झालेलं असेल.

मोठ्या चिंपांझींच्या आवारात माणूस सहसा जात नाही. ताकदीत आपला त्यांच्यापुढे टिकाव लागत नाही. मग उरतं काय? फळं चिरणं, पिंजरे घासणं, कुंपण तपासणं, नोंदी ठेवणं. व्हिक्टोरिया सरोवरातलं युगांडाचं एन्गांबा बेट १९९८ पासून चिंपांझींचं घर आहे. बेट जेमतेम १०० एकरांचं; तिथल्या झाडांवर सुमारे ५० चिंपांझींचं पोट भरत नाही, म्हणून दिवसातून अनेकदा खाणं द्यावं लागतं. माद्यांना गर्भनिरोधकं देतात, कारण तिथे जन्मलेलं पिल्लू एखाद्या अनाथाची जागा अडवेल. चिंपांझी पन्नाशीही गाठतो, म्हणजे आजच्या पिल्लाचं म्हातारपण कुणा दुसऱ्याच्या हाती असेल. म्हणून नोंदी नीट लिही. पुन्हा जंगलात सोडणं? काँगो प्रजासत्ताकातल्या कोंकुआतीच्या जंगलात १९९६ पासून ते झालं, पण तशी सुरक्षित जागा सापडणंच कठीण.

आणि एक, पिल्लाला मिठी मारलेला फोटो कुठेही टाकू नकोस. बघणाऱ्याला ते पाळावंसं वाटतं.

अर्जातलं ते कुशीचं वाक्य काढ. जड पोती उचलता येतात का, तार दुरुस्त करता येते का, ते लिही. क्षयाची तपासणी याच आठवड्यात करून घे आणि अर्जाचा नवा मसुदा मला पाठव.

तुझी,
मावशी