पुण्याहून मुंबईच्या क्रूझ टर्मिनलला जायला ट्रेन बरी की कॅब?

दोघंच असाल आणि बॅगा उचलण्याजोग्या असतील तर डोळे झाकून ट्रेन. क्रूझ सुटते बॅलार्ड पिअरवरून आणि ते सीएसएमटीपासून जेमतेम दीड-दोन किलोमीटर आहे, म्हणजे सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन पकडली की साडेदहाच्या सुमारास उतरायचं, डायनिंग कारमध्ये ऑम्लेट झालेलंच असतं, आणि दुपारच्या बोर्डिंगला भरपूर वेळ हातात. फक्त रिझर्व्हेशन आधी करा. स्टेशनबाहेरचे काळी-पिवळीवाले इतक्या जवळचं भाडं ऐकलं की तोंड फिरवतात, आम्हाला तिघांनी नाही म्हटलं, चौथा आला. त्याला 'बॅलार्ड इस्टेट, ग्रीन गेट' असंच सांगा, नुसतं 'बोटीला जायचंय' म्हणालात तर भाऊच्या धक्क्याला नेऊन सोडेल, तिथून मांडव्याची रो-रो सुटते!

आईबाबा किंवा लहान मुलं सोबत असतील तर मात्र कॅब घ्या. एक्सप्रेसवेनंतर अटल सेतूवरून शिवडी, मग फ्रीवेने थेट खाली, टोल जास्त जातो पण वाशी-चेंबूरचं ट्रॅफिक वाचतं. शनिवारी सकाळी घाटात अडकायची तयारी ठेवा, दोन तास एक्स्ट्रा धरूनच निघा कारण चेक-इनची वेळ संपली की बोट काय तुमच्यासाठी थांबत नाही. स्वतःची गाडी नकोच, तीन-चार दिवस तिथे ठेवणार कुठे?

पावसाळ्यात असेल तर सरळ आदल्या दिवशी जाऊन राहा.