शिसवी टेबलाचे पॉलिश खरवडावे का?

प्रश्न : आजोबांचे शिसवी लिहिण्याचे टेबल निस्तेज झाले असून त्यावर गरम कपांचे पांढरे गोल डाग पडले आहेत. सगळे पॉलिश काचपेपरने घासून मेलामाइन (कृत्रिम राळेचे कडक पॉलिश) मारावे, असे पॉलिशवाले म्हणतात. तसे करावे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : तूर्त करू नये. इतक्या जुन्या टेबलावरचे पॉलिश बहुधा चपड्याचे, म्हणजे लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले असते. खात्रीसाठी न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा क्षणभर टेकवावा. थर चिकट होऊन त्याचा रंग बोळ्याला लागला, तर तो चपडाच समजावा. वाळलेले मेलामाइन स्पिरिटला सहसा दाद देत नाही.

चपड्याचा मोठा गुण असा की, वाळून वर्षे लोटली तरी तो स्पिरिटने पुन्हा मऊ होतो, त्यामुळे नवा हात जुन्या थरात मिसळतो आणि खरवडण्याची गरज क्वचितच उरते. घासकामात मात्र पॉलिशबरोबर लाकडाचा रंग मुरलेला पापुद्राही जातो आणि कोरीव कडा बोथट होतात. मेलामाइन उष्णतेला अधिक टिकते हे खरे, पण ते जेवणाच्या नव्या टेबलाला शोभते.

पांढरे डाग लाकडात नसून थरात अडकलेल्या ओलाव्याचे असतात. आधी टर्पेंटाइनच्या फडक्याने मळ व मेण पुसून टेबल पूर्ण सुकू द्यावे. मग कापसाच्या बोळ्यावर मऊ सुती कापड गुंडाळून, त्याला स्पिरिटचा नुसता ओलावा देऊन, ते डागावरून झरझर फिरवावे. एका जागी हात थांबला, तर थर उचलला जातो. काळे डाग असल्यास ते पाणी, लोखंड व लाकडातील टॅनिन यांच्या संयोगाने लाकडातच उतरलेले असतात आणि त्यांना ऑक्झॅलिक आम्ल लागते, म्हणून ते काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे.

चकाकी परत आणण्यासाठी 1 लिटर स्पिरिटमध्ये सुमारे 120 ग्रॅम चपडा रात्रभर भिजवून गाळावा, आणि बोळ्याला जवसाच्या तेलाचा एखादा थेंब लावून पातळ हात द्यावेत. दमट हवेत थर दुधाळ होतो, तेव्हा पावसाळा टाळून दिवाळीनंतरच काम काढावे. भिजवलेला चपडा काही महिन्यांनी नीट वाळेनासा होतो, म्हणून लागेल तेवढाच करावा. स्पिरिट पटकन पेटते, त्यामुळे खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि त्या खोलीत उदबत्तीसुद्धा लावू नये.