वाचकांचे प्रश्न : पुण्याच्या पाण्याचे धडे संकेतस्थळावर कसे मांडावेत?

प्रश्न : मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका आहे. ‘पुण्याचे पाणी’ या विषयावर पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी एक साधे संकेतस्थळ करावे, असा विचार आहे. टिपणे, नकाशे, छायाचित्रे आणि स्वाध्याय हाताशी आहेत. काही टिपणे जुन्या श्रीलिपीत टंकलेली आहेत. लेख, नकाशे, छायाचित्रे व स्वाध्याय असे चार विभाग करावेत का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ही विभागणी आपल्या कपाटातील फायलींची झाली. सहावीतला मुलगा नकाशा पाहायचा म्हणून येत नाही. आमच्या नळाला पाणी कोठून येते, पानशेत कसे फुटले, असे काहीतरी शोधत येतो. त्या विषयाचा लेख एका कप्प्यात, नकाशा दुसऱ्यात आणि स्वाध्याय तिसऱ्यात असेल, तर तो पहिल्या कप्प्यावरूनच परत जाईल. एका विषयाचे सारे साहित्य एकाच पानावर असावे.

विभाग ठरवण्यासाठी संगणकाची गरज नाही. प्रत्येक टिपणाचा विषय एकेका चिठ्ठीवर लिहावा आणि ओळखीच्या चार-पाच मुलांना, काहीही न सुचवता, त्या चिठ्ठ्यांचे गट करायला सांगावे. गटांना नावेही त्यांनाच देऊ द्यावीत. आपण ‘जलव्यवस्थापन’ लिहाल तिथे मुले बहुधा ‘पाणी घरी कसे येते’ असे म्हणतील, आणि मेनूमध्ये तेच शोभेल. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून शहरात आणलेले पाणी, मुळा-मुठा, धरणे आणि पूर असे चार-पाच गट निघाले, तर एवढ्या साहित्याला ते पुरेसे आहेत. त्यांच्या पोटात आणखी उपविभाग काढण्याचा मोह टाळावा.

खरी अडचण येईल ती पानशेतपाशी. मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीवरचे हे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि त्याच्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे जुने धरणही फुटून शहरात पूर आला. मग हे पान ‘धरणे’ या विभागात ठेवायचे की ‘पूर’ या विभागात? माझ्या मते मुले ते पुरातच शोधतील, म्हणून पान तिथे ठेवावे आणि धरणांच्या पानावरून त्याचा दुवा द्यावा. तोच मजकूर दोन्हीकडे चिकटवला, तर पुढे एका ठिकाणी केलेली दुरुस्ती दुसऱ्या ठिकाणी राहून जाते आणि मुलांना दोन वेगवेगळी उत्तरे मिळतात. शिवाय शोधयंत्रातून येणारा विद्यार्थी मुखपृष्ठ न पाहता थेट या पानावर उतरेल, त्यामुळे आपण कोणत्या विभागात आहोत आणि वर कसे जायचे, हे प्रत्येक पानाच्या माथ्यावर दिसले पाहिजे.

श्रीलिपीतील टिपणे मात्र आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळे संगणक आणि शोधयंत्रे ओळखतात त्या अक्षरसंकेतात, आणावीत. जुन्या फाँटमधील मजकूर आपल्याला मराठी दिसला, तरी शोधयंत्राला तो निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग वाटतो. रूपांतर झाल्यावर जोडाक्षरे व रफार एकदा डोळ्यांखालून घालावेत, कारण चुका तिथेच होतात. पानांचे संकेतस्थळावरील पत्ते (यूआरएल) मात्र लहान रोमन अक्षरांतच ठेवावेत. देवनागरी पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना अनेकदा टक्केचिन्हांची लांबलचक माळ होतो, आणि ‘पुणे’ एवढ्या शब्दाचीही त्यात ३६ चिन्हे होतात.

जे पान तयार नाही, त्याचे नाव मेनूत घालू नये. ‘काम चालू आहे’ अशा रिकाम्या पाट्या मुलांना एकदाच फसवतात. संकेतस्थळ तयार करून देणारी व्यक्ती ‘आधी डिझाइन निवडा’ असे म्हणेल, तेव्हा तिच्या हाती चिठ्ठ्यांवरून उतरवलेला विभागांचा आराखडा आणि पानशेतचे एक पूर्ण लिहिलेले पान द्यावे, आणि डिझाइन त्यावर बेतायला सांगावे.